करुणेचे आचार्यपद

पुणे जिल्ह्यातील चासकमान गावी १९३७ साली कटारिया कुटुंबात शकुंतला जन्मली. चौदाव्या वर्षी तिने दीक्षा घेतली आणि ती साध्वी चंदना झाली. पुढे समाज त्यांना आदराने ‘ताई महाराज’ म्हणू लागला. दीर्घ शास्त्राध्ययनानंतर त्यांनी अहिंसेचा अर्थ असा लावला की, कुणाला न दुखवणे ही तिची पहिली पायरी आणि दुःखिताचे अश्रू पुसणे ही पुढची.

बिहारमधील राजगीर ही भगवान महावीरांच्या चातुर्मासांनी पावन झालेली भूमी. तेथील दारिद्र्य पाहून उपाध्याय अमरमुनींच्या प्रेरणेने त्यांनी ‘वीरायतन’ उभारले. नेत्ररुग्णालयात गोरगरिबांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. साध्वीने विहार आणि स्वाध्याय करावा, रुग्णालय हे तिचे क्षेत्र नव्हे, असा आक्षेप परंपरेतून येणे स्वाभाविक होते. ताई महाराजांनी वाद घातला नाही. रुग्णसेवा हीच साधना मानून त्या कार्यरत राहिल्या.

१९८७ साली अमरमुनींनी त्यांना आचार्यपद दिले. जैन परंपरेत हे पद प्रथमच एका साध्वीला लाभले. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधील मुलांसाठी वीरायतनने शाळा सुरू केल्या. २०२२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले.

सन्मान उशिरा आला. पण ज्या वृद्धेला गेलेली दृष्टी परत मिळाली, तिच्या लेखी त्यांचे आचार्यपद केव्हाच सिद्ध झाले होते. संयम आणि सेवा परस्परविरोधी नाहीत, हा त्यांच्या जीवनाचा बोध आपल्या घराघरांत उतरावा.