ओझे आणि चाक

फेब्रुवारी सरत आला की जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील या फ्रायबुर्ग शहरात, जेथे नगराच्या हद्दीतील ४० टक्क्यांहून अधिक भूमी वनाने व्यापलेली आहे, शनिवारच्या सकाळी एक निराळीच वर्दळ सुरू होते. प्राध्यापक असो, वकील असो की गवंडी असो, ज्यांच्या घरी लाकडाची शेगडी आहे असे कितीतरी गृहस्थ मोटारीमागे दोन चाकांचा लहानसा ट्रेलर जोडून डोंगराच्या वाटेला लागतात आणि वनखात्याने रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेल्या बीच वृक्षाच्या ओंडक्यांतून आपल्या नावे लागलेली रास घरी आणतात. औरंगाबादेतल्या उस्मानपुऱ्यात वाढलेल्या मला या उद्योगाचे प्रथम नवल वाटले. पुढे मीही त्यात सामील झालो आणि त्यातील शिस्तीविषयी मनात आदर उत्पन्न झाला.

येथे जळण मापाने मिळते. एक मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच रचलेली रास म्हणजे एक स्टेर. ओंडक्यांमधील पोकळी वजा जाता तीत निव्वळ लाकूड सुमारे ७० टक्के भरते. वनात स्वतः कापणी करावयाची तर यांत्रिक करवतीचे शिक्षण घेतल्याचा दाखला हजर करावा लागतो. ७५० किलोपर्यंत एकूण वजनाच्या ट्रेलरास निराळा परवाना लागत नाही, म्हणून बहुतेकांपाशी तेवढाच असतो. परंतु ओल्या बीचची एकच स्टेर ७०० किलोंच्या घरात जाते आणि ट्रेलरचे स्वतःचे वजनही त्या मर्यादेतच धरावयाचे असते, त्यामुळे जागा शिल्लक दिसत असतानाही हात आवरता घ्यावा लागतो. जड ओंडके आखाच्या माथ्यावर, भार किंचित पुढे राहील असे रचावयाचे, कारण मागची बाजू जड झाली की वेग घेताच ट्रेलर डावीउजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो.

ही भार रचण्याची विद्या मी उस्मानपुऱ्यातच पाहिली होती. रेल्वे स्टेशन आणि क्रांती चौक यांच्या दरम्यानच्या आमच्या त्या वस्तीत, माझ्या बालपणी, न्हाणीघरातला तांब्याचा बंब लाकडावर पेटे आणि त्यासाठी वखारीतून सरपण येई. वखारवाला किलोने तोलीत असला तरी आजोबा हिशेब मणाचाच करीत. गाडीवान साट्यात लाकूड भरताना दोनदा मागे सरून पाही: गाडी उलाळ झाली तर जू वर उचलून बैलांच्या गळ्याला फास बसतो, आणि धुरेवर जड झाली तर त्यांचे खांदे सुजतात. मुक्या जनावराच्या मानेचा एवढा विचार आमच्या व्यवहारात रुजलेला होता, ही गोष्ट मला आजही भूषणास्पद वाटते.

परंतु सरपणाची दुसरी वाटही आमच्या दारावरून जात असे. शहरालगतच्या सातारा आणि देवळाईच्या डोंगराकडून डोक्यावर मोळ्या घेऊन बाया येत. मोळी एकटीला चढविता येत नाही आणि उतरविताही येत नाही. म्हणून दारात थांबून त्या “जरा हात लावा, वहिनी,” असे म्हणत, आई पुढे होऊन एक बाजू धरी, आणि ओझे उतरल्यावर त्या बाईची मान क्षणभर तशीच ताठ राही, जणू भार गेल्याची तिला अद्याप खबरच लागली नव्हती. निजामाच्या अमदानीत करोडगिरीच्या नाक्यावर नोकरी केलेले माझे आजोबा सांगत की, गाडीभर मालाची नोंद दप्तरात होई, मोळीची मात्र कधी झाली नाही. ज्याची नोंद नाही त्या श्रमाची किंमतही ठरत नाही, हे त्यांच्या बोलण्यातले मर्म मला फार उशिरा उमगले.

वृक्षांच्या बाबतीत दोन्ही देशांतील शहाण्यांनी पूर्वीच दूरदृष्टी दाखविली होती. सॅक्सनीच्या खाणखात्यातील अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ साली आपल्या ग्रंथातून असे प्रतिपादन केले की, वनातून जितके नव्याने उगवेल तितकेच तोडावे. आणि त्याच सुमारास आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराकरिता लाकूड घेतानाही रयतेच्या आंबा-फणसास हात न लावण्याची आणि जीर्ण झालेले झाड धन्याला राजी करून, मोल देऊनच तोडण्याची ताकीद आली. इतके साम्य असूनही फरक पडला तो लाकूड वाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत.

२७ नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात फ्रायबुर्गचे जुने नगर बेचिराख झाले, आणि पुढे १९४६-४७ च्या भीषण हिवाळ्यात जर्मनीभर बायका-मुले जळणासाठी रानात जाऊ लागली. नव्वदीकडे झुकलेल्या माझ्या शेजारीणबाईंनी त्या काळातली आपली हातगाडी अजून जपून ठेवली आहे: दोन्ही बाजूंना शिडीसारखे कठडे, लोखंडी धावा चढविलेली चार लाकडी चाके आणि पुढे ओढावयाचा दांडा. घरात पोटभर भाकर नव्हती, पण दारात चाक होते. आमच्या डोंगरातील पाऊलवाटेवर चाक चालले नसते हे कबूल; तथापि पायथ्यापासून शहरापर्यंत सडक होतीच, आणि त्या सडकेवरही मोळी डोक्यावरच राहिली, कारण गाडी ही मालकाची आणि डोके हे बाईचे, अशी वाटणी आम्ही निमूटपणे मान्य केली होती. पैठणास एकनाथांच्या घरी देवाने श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहिले, ही कथा आम्ही भक्तिभावाने ऐकली. पाणी-सरपण वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावरचे ओझे हलके करणे हीही सेवाच आहे, हे मात्र तीतून घेतले नाही.

उज्ज्वला योजनेतील आठ कोटीवी गॅसजोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेतच देण्यात आली, याचा मला येथे दूर बसूनही आनंद झाला. परंतु जोडणी मिळाल्यानंतर टाकी पुन्हा भरून घेण्याची ऐपत ज्या घरात नाही, तेथे चूल पेटतेच आणि मोळीही येतेच. जर्मनीत २०१० च्या नियमावलीने शेगडीच्या धुरावर आणि लाकडाच्या ओलीवर मर्यादा घातली आहे. म्हणून मार्चमध्ये आणून फोडलेले बीच साधारण दोन वर्षे छपराखाली वाळवूनच जाळावयाचे, आणि धुराड्याची तपासणीही कायद्यानेच होते. आपल्याकडे हाच धूर रांधणारीच्या डोळ्यांत आणि छातीत मुरतो.

माझे मागणे साधे आहे. गॅसची टाकी परवडेल अशी व्यवस्था तर व्हावीच. पण ती होईपर्यंत गावोगावच्या बचत गटांस चांगल्या टायरची, हलकी, एका माणसाला ओढता येईल अशी हातगाडी आणि सरपण वाळविण्यापुरते सामायिक छप्पर द्यावे. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात बसेल एवढाच हा खर्च आहे. बैलांची मान सांभाळून गाडी भरणारा आपला समाज माणसाच्या मानेचाही हिशेब मांडू शकतो. तो त्याने अंदाजपत्रकात, रुपये-पैशांत मांडावा.