वाटेवरचें टिंब

आळंदीहून पंढरपुरास पायीं जावयाचें ठरलें, तेव्हां मीं दोन पिशव्या भरल्या. एकींत कपडे, औषधें आणि अंगावर घेण्याचा प्लॅस्टिकचा कागद होता. दुसरींत मोबाईल, त्याचा चार्जर, दोन पॉवरबँका आणि हें सारें भिजूं नये म्हणून घेतलेल्या तीन निरनिराळ्या थैल्या. दुसरी पिशवी पहिलीहून जड झालेली पाहून पत्नी हंसली. "वारीला चाललां आहां, कीं तारखात्यांत नोकरीला?" असें तिनें विचारलें. आपल्याकडील तारेची सेवा २०१३ सालींच बंद झाली, ही माहिती मीं तिला पुरविली. प्राध्यापकाला थट्टेचें उत्तर देतां येत नाहीं. माहिती मात्र देतां येते.

ही गोष्ट २०२४ च्या आषाढींतील. खरें म्हणजे मोबाईल घरींच ठेवावा अशी माझी इच्छा होती. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माणसाला यात्रेची कल्पनाही पुस्तकांतूनच सुचते. चॉसरचे यात्रेकरू सदर्कच्या सराईंतून कँटरबरीस निघतात, वाटेंत गोष्टी सांगतात, एकमेकांशीं भांडतात. पण त्यांतील एकालाही वाटेंत घरचा निरोप येत नाहीं. वारी म्हणजे संसारापासून मिळालेली अठरा-वीस दिवसांची रजा, अशी माझी समजूत होती, आणि रजेंत कचेरीचे कागद सोबत नेणें मला कधींच मानवलें नाहीं. परंतु आई ८४ वर्षांची. हृदयाच्या दुखण्यामुळें ती घरांतल्या घरांतच काय ती हिंडते. तिच्यासाठीं मोबाईल नेलाच पाहिजे, असा मुलीनें हट्ट धरला. एवढ्यावर न थांबतां तिनें आजीच्या टॅब्लेटवर गुगलचा नकाशा उघडून दिला. मी जेथें असेन तेथें त्या नकाशावर एक टिंब दिसे, आणि मी चाललों कीं तें चाले.

या यंत्राचा खरा स्वभाव मला दिवे घाटांत कळला. खालीं वडकीपासून वर झेंडेवाडीपर्यंत माणसांची अखंड रांग लागलेली, आणि बहुतेकांच्या हातीं मोबाईल. टॉवर एका वेळीं ठराविक लोकांचेंच बोलणें वाहून नेऊं शकतो. गांवांतील एका नळावर सारी जत्रा लोटावी तशी त्याची अवस्था झाली होती. पडद्यावर चारही रेघा दिमाखानें उभ्या, पण शब्द कांहीं पलीकडे जाईना. शिवाय लहर क्षीण झाली म्हणजे मोबाईल अधिक जोरानें ओरडूं लागतो, आणि ओरडून ओरडून त्याची बॅटरी भर दुपारींच संपते. गंमत अशी कीं, जेथें बोलणें जात नाहीं आणि चित्रही जात नाहीं, तेथें दोन शब्दांचा साधा एसेमेस पुष्कळदां सुखरूप निसटून जातो. त्याला जागाच थोडी लागते.

रात्रीं मुक्कामावर आमच्या दिंडीच्या ट्रकमागें एक लांबलचक वायर सोडीत, आणि तिला वांग्यांसारखे मोबाईल लटकत. आपला कोणता हें ओळखावें म्हणून कोणी त्यावर दोरा बांधी, कोणी बुक्क्याचें बोट उठवी. पलीकडे भजन चाललेलें असे. वाटेवरील एका गांवीं तर न्हाव्यानें दुकानावर पाटीच लावली होती, कीं दाढी करणारास चार्जिंग फुकट. त्या दिवशीं मीं आवश्यकता नसतांना दाढी केली.

आतां थोडें मागें जावयास हवें. आमचें मूळ गांव वाई तालुक्यांत. वडील शेतकरी, माळकरी. पेरणी उरकली कीं ते दिंडीबरोबर जात, आणि आई घरीं राही. कारण आजी अंथरुणाला खिळलेली होती आणि गोठ्यांत चार जनावरें होतीं. १९८६ च्या आषाढांत वडील वाटेवर असतांनाच आजी गेली. चुलत्यांनीं अग्नि दिला, आणि वडिलांना कळविण्यासाठीं आईनें मला, सोळा वर्षांच्या मुलाला, एस.टी.त बसवून दिलें. तार करावी तर ती कोणत्या पत्त्यावर? ज्याचा मुक्काम रोज बदलतो त्याला पत्ता कसला, असें मला वाटत होतें. आईला मात्र तशी शंका नव्हती. तिनें माझ्या तळहातावर शाईनें एक आंकडा लिहिला. तो वडिलांच्या दिंडीचा क्रमांक होता. "रथामागं," एवढेंच ती म्हणाली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकरांनीं या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिच्यामुळें प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली आहे. रथापुढें २७ दिंड्या, मागें त्याहून कितीतरी अधिक. आणि कोण कोणाच्या पाठीमागें चालावयाचें हें मुक्काम बदलला तरी बदलत नाहीं. म्हणजे गांव रोज नवें, पण त्यांतील घर क्रमांक जुनेच. फलटणच्या तळावर मीं सहा-सात माणसांना हात दाखविला, आणि अर्ध्या तासांत वडिलांपुढें उभा राहिलों.

त्यांनीं ऐकून घेतलें. बराच वेळ ते टाळाची दोरी बोटाला गुंडाळीत बसले होते. मग म्हणाले, "आईला सांग, तेराव्याला येतो." आणि ते पुढें पंढरपुरास गेले. हा निरोप मीं दुसऱ्या दिवशीं आईला सांगितला. ती कांहींच बोलली नाहीं; उठून गोठ्यांत गेली. वडील शब्दाप्रमाणें तेराव्याला आले. २०११ सालीं ते वारले. पण त्या तेरा दिवसांविषयीं आईच्या तोंडून ना त्यांच्या हयातींत अवाक्षर निघालें, ना त्यानंतर. ती स्वतः एकदांही वारीला गेली नाहीं. हें मला ठाऊक होतें. परंतु ठाऊक असणें निराळें, आणि वेळीं आठवणें निराळें.

लोणंदच्या मुक्कामीं समाजआरतीला मी उभा होतों. ज्यांनीं ही आरती पाहिली नाहीं त्यांना तिची कल्पना देणें कठीण. सर्व दिंड्या तळावर पालखीभोंवतीं गोळा होतात. टाळमृदंगांचा असा कल्लोळ चाललेला असतो कीं शेजाऱ्याचा शब्द ऐकूं येत नाहीं. इतक्यांत चोपदार दंड उंच करतो, आणि पाहतां पाहतां तो सारा नाद थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढी ती टाळ वाजवीत राहते, आणि तिचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें जातें. मग हरवल्या-सांपडल्या वस्तू आणि उद्यां निघण्याची वेळ पुकारली जाते.

त्या शांततेंत माझा मोबाईल वाजला. गाऱ्हाणें असलेली दिंडी जणूं मीच, अशा रीतीनें सभोंवारचे लोक वळून पाहूं लागले. शेजारचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "माउली, घरचं असंल तर घ्या." त्याच्या आवाजांत राग नव्हता, पण मला मेल्याहून मेल्यासारखें झालें. मीं मोबाईल बंद केला आणि पिशवीच्या तळाशीं कपड्यांखालीं पुरला. पडद्यावर आईचें नांव होतें आणि तें मीं वाचलें होतें, हें येथें नमूद करणें भाग आहे.

त्यानंतरचे तीन दिवस अतिशय सुखाचे गेले, हें तरी कशाला लपवूं? चांदोबाच्या लिंबापाशीं उभें रिंगण झालें. दोन्ही बाजूंच्या माणसांमधून अश्व वाऱ्यासारखे धांवत गेले. तें चित्र टिपण्यासाठीं शेकडों हात वर झाले होते. मी तेवढा रिकाम्या हातांचा. टापांखालची माती कपाळाला लावितांना मला स्वतःविषयीं फार बरें वाटलें. अहंकाराला इतकी सुपीक माती दुसरीकडे क्वचितच मिळाली असती. रात्रीं झोंपही गाढ लागली.

बरडच्या तळावर आमच्या दिंडींतील एक बाई माझ्यापाशीं आल्या. "दादा, तुमच्याकडं फोन हाय न्हवं? माझ्या सुनंला लावून द्या जरा. शेळी व्यायची हाय." नाहीं म्हणणें शक्य नव्हतें. मीं पिशवी उपसून मोबाईल काढला आणि चालू केला. बाईंनीं सुनेला शेळीविषयीं विचारलें, पावसाविषयीं विचारलें, नातवाच्या खोकल्यावर ओवा सांगितला. "दोन करडं झाली," असें मला सांगून त्यांनीं मोबाईल परत केला, आणि त्या जाऊन भजनांत बसल्या. त्यांच्या भजनांत तेवढ्यानें कांहीं उणें आल्याचें मला तरी दिसलें नाहीं. संसाराकडून रजा घेण्याची कल्पनाच त्यांच्या मनाला शिवली नसावी.

मोबाईल माझ्या हातीं येतांच तुंबलेले निरोप एकामागून एक कोसळूं लागले. बहुतेक मुलीचे होते. शेवटच्या निरोपांत आजी कालपासून नीट जेवली नसल्याचें लिहिलें होतें. मीं तत्काळ घरीं फोन लावला. सुदैवानें तो लागला.

"त्या दिवशी नीरास्नान झालं का, एवढंच विचारायचं होतं," आई म्हणाली. मग थोडा वेळ थांबून, "पालखी फलटण सोडून गेली, टीव्हीवर दाखवली. आणि तुझं टिंब लोणंदलाच. तीन दिवस हाललं नाही. आता कुणाला धाडू रे तुझा माग काढायला?"

मीं बॅटरीचें कांहीं कारण सांगितलें. तिनें तें ऐकून घेतलें. असलीं कारणें ऐकून घेण्याचा तिला जुना सराव आहे.

"तुझ्या दिंडीचा नंबर काय?" तिनें विचारलें. तो घरीं सांगून येण्याचें मला सुचलेंच नव्हतें! मोबाईल बरोबर असल्यावर क्रमांक कशाला हवा, असें वाटलें असावें. खरें तर तसें वाटण्याइतकाही विचार मीं केला नव्हता. मीं क्रमांक सांगितला. तिनें तो दोनदां म्हणून दाखविला आणि फोन ठेवला.

पुढें रोज संध्याकाळीं आमचें बोलणें होई. नातेपुतें, माळशिरस, वेळापूर हे मुक्काम तिला माझ्यापेक्षां अधिक माहीत होते. "उद्या धावा ना?" असें तिनें वेळापूरच्या आदल्या रात्रीं विचारलें, आणि उतारावरून धांवूं नकोस, गुडघा जपून ठेव, असेंही बजावलें. वडिलांनीं वर्षानुवर्षें ओसरीवर बसून सांगितलेली ती वाट तिनें न चालतां पाठ केली होती. आतां तिला तीवर हलतांना दिसे तें प्रथमच.

पंढरपुरांत मात्र मोबाईलचें कांहीं चाललें नाहीं. एकादशीला तेथें जो जनसमुदाय लोटतो, त्यापुढें टॉवरनें हात टेकले. दर्शनाची रांग इतकी लांब होती, कीं मीं कळसाचेंच दर्शन घेतलें. चंद्रभागेच्या वाळवंटांतून आईला कळस दाखवावा म्हणून तासभर खटपट केली. चित्र गेलें नाहीं. अखेर 'पोंचलों' एवढा एक शब्द एसेमेसनें धाडला. तो गेला.

पुण्यास परतलों तेव्हां आई झोंपली होती. उशाशीं टॅब्लेट होता आणि त्याखालीं तिची दुधाच्या हिशेबाची वही. मीं ती उघडली. एका पानावर रोजची तारीख, गांव आणि टिंब थांबल्याची वेळ लिहिलेली होती. लोणंदनंतरच्या दोन ओळींत पुन्हां 'लोणंद'च होतें. दुसऱ्यापुढें कांहीं लिहून तें खोडलेलें. बरडपुढें 'बोलला' असें होतें. पानाच्या डोक्यावर माझ्या दिंडीचा क्रमांक होता आणि त्याशेजारीं दुसरा एक आंकडा. तो मीं ओळखला. ३८ वर्षांपूर्वीं तो माझ्या तळहातावर होता.