विसावा द्यायचा असतो

शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत बायको नाही. मुलगा आहे, मुलगी आहे, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परकाही आहे. भाष्यकार म्हणतात, ‘तू’ म्हटलं त्यात ती आलीच. आली असेल. आमच्या नगर जिल्ह्यात मात्र उपासना सुटली की पुरुष चर्चच्या आवारात गप्पा मारत उभे राहतात आणि ती घाईघाईनं घरी जाऊन मटणाला फोडणी देते.

ही आज्ञा बायबलात दोनदा येते. ‘निर्गम’ या पुस्तकात कारण दिलंय ते देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, हे. ‘अनुवाद’ या पुस्तकात कारण वेगळं आहे : तूही मिसरात दास होतास, याची आठवण ठेव. मला हे दुसरं जास्त भिडतं. ज्यानं राबणं भोगलंय, त्यानं दुसऱ्याला विसावा द्यायचा. बैलाला आपण पोळ्याचा एक दिवस देतो. या आज्ञेत तो दर आठवड्याला आहे.

अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली नगरात काम सुरू केलं. पुढे रेव्हरंड टिळकांच्या गीतांनी इथली उपासना मराठमोळी केली. गाण्यात आम्ही कधी कमी पडलो नाही. विसाव्याचं मात्र राहून गेलं. सम्राट कॉन्स्टंटाइननं 321 मध्ये रविवारची सुटी जाहीर केली, तेव्हाही शेतीची कामं वगळली होती. हंगाम हुकू नये म्हणून. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो 10 जून 1890 रोजी, आणि तोही कुणा पाळकामुळे नाही, तर सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे.

आमच्याकडच्या साखर कारखान्यांच्या गाळपात मात्र आजही रविवार नसतो. उपासनेला जाताना उसाच्या ट्रॉल्या ओलांडूनच जावं लागतं. ऊसतोडीतल्या बाईनं दुखतंय म्हणून एक दिवस चुकवला की तिच्या नावावर खाडा पडतो, पैसे कापले जातात. तो ऊस कधी आमच्यातल्याच बागायतदाराचा असतो. टोळीचा हिशेब मुकादमाकडे असतो, हे खरं. पण घरची धुणीभांडी करणारी, गाडीवरचा ड्रायव्हर, गोठ्यावरचा गडी यांचा हिशेब तर आपल्याच हातात आहे ना? त्यांना रविवारची सुटी द्या, आणि त्या दिवसाचा पगार कापू नका.