केडगावचे टपाल, कवठ्याचा फड

नियमाने लिहिण्याची सवय माणसाला कशाने लागते, याविषयीची रूढ समजूत अशी आहे की लिहिणाऱ्याने आधी लिहीत राहावे, वाचक यथावकाश जमतो. ही समजूत धीर देणारी आहे आणि बहुधा त्यामुळेच टिकली आहे. कारण प्रत्यक्ष उदाहरणे तपासू गेल्यास क्रम पुष्कळदा उलटा दिसतो, म्हणजे कोणीतरी आधीच कान देऊन किंवा टपालाची वाट पाहत बसलेले असते, त्याला काहीतरी पोचवणे भाग असते, आणि या भाग पडण्यातूनच लिहिण्याचा नेम तयार होतो. रोजनिशी, म्हणजे केवळ स्वतःपुरती ठेवलेली दिवसाची नोंद, नव्या वर्षी मोठ्या उत्साहाने सुरू होते आणि अनेकांची पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. ठरलेल्या तिथीला कोणाच्या तरी हाती पडायचे लेखन मात्र आजारपणातही होते. तेव्हा वाचक कसा मिळवावा, यापेक्षा कोणता वाचक आधीपासून बसला आहे आणि तो लिहिणाऱ्याकडून काय करवून घेतो, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो, आणि त्याचा विचार करण्यास पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन अंगांचे तालुके फार उपयोगी पडतात.

वरकरणी हा प्रदेश अक्षरांचा नव्हे. पर्जन्यछायेतला, म्हणजे सह्याद्रीने अडवलेल्या पावसाची उरलीसुरली सर मिळणारा हा मुलूख, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या कुणब्याची लिखित मजकुराशी गाठ पडे ती बहुधा कर्जखतावर, ज्याच्या तळाशी त्याची सही म्हणून नांगराची निशाणी काढलेली असे. मजकूर सावकाराच्या सोयीचा, वाचणारा सावकार किंवा न्यायालयातला कारकून, आणि बांधला जाणारा मात्र त्यातले एक अक्षरही न उलगडणारा, अशी ही विभागणी होती. शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार पडला, आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जो उद्रेक झाला, त्यात जमावाचा रोख माणसांपेक्षा वह्या आणि खते यांवर होता; कागद हाती आल्यावर त्यांची होळी करून जमाव अनेक ठिकाणी शांत झाला. इतिहासग्रंथांत ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदलेल्या आणि १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्यास कारण झालेल्या या घटनेचा आर्थिक अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. लेखनाच्या बाजूने पाहता तिचा अर्थ असा की ज्यांच्याविषयी लिहिले जात होते त्यांना वाचक म्हणून कोणी गृहीतच धरलेले नव्हते.

अवघ्या वीस-पंचवीस वर्षांनी याच परिसरात, पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावच्या माळरानावर, पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलींसाठी आपले मुक्तिसदन वसवले. रमाबाईंच्या चरित्रातील धर्मांतर, विधवाश्रम आणि पुण्यातील वादळ यांची चर्चा एवढी झाली आहे की त्या आयुष्यभर एका विशिष्ट अडचणीशी झुंजणाऱ्या लेखिका होत्या, ही गोष्ट बाजूला पडते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कुटुंबासह तीर्थाटन करीत पुराणे सांगून निर्वाह करणारे पुराणिक होते, आणि मुलगीही लहानपणापासून हेच काम करू लागली. पुराणिक म्हणजे देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली किंवा नदीच्या घाटावर बसून संस्कृत ग्रंथ मोठ्याने वाचणारा मनुष्य; येणारे-जाणारे ऐकत, पुढ्यात धान्य, नाणे वा फळ ठेवत आणि निघून जात. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात स्पष्ट नोंदवले आहे की ऐकणाऱ्यांना ते संस्कृत कळत नसे आणि कळावे असे बंधनही पुराणिकावर नसे, कारण पुण्य लाभत होते ते श्रवणाने, आकलनाने नव्हे. श्रोते होते, रोज नवे होते, प्रसंगी दानही देत होते. उणे एवढेच की सांगितलेले कोणापर्यंत पोचत नव्हते. मोठ्या समुदायासमोर बोलूनही एकट्याने बोलल्यासारखे उरणे, हा अनुभव ज्या लेखिकेच्या बालपणाच्या मुळाशी आहे तिच्या पुढच्या सगळ्या लेखनाकडे त्याच अनुभवाला दिलेले उत्तर म्हणून पाहिल्यास बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

पहिले उत्तर होते दूरचा वाचक. १८८२ मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून रमाबाईंनी मराठी स्त्रियांना उद्देशून लेखन केले होते; त्यानंतर इंग्लंडला पोचल्यावर सदाशिव पांडुरंग केळकर यांना धाडलेले प्रवासाचे पत्र १८८३ साली पुस्तकरूपाने निघाले, आणि १८८७ मध्ये फिलाडेल्फियात ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाचे वाचक केवळ वाचून थांबले नाहीत. बॉस्टनमध्ये त्याच वर्षी स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक साह्य करण्याचे वचन दिले, आणि त्यातूनच १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उभे राहिले. वाचकवर्ग आणि आश्रयदाता हे दोन्ही एकाच व्यक्तीत सामावले की लेखनाला एक अटळ वळण लागते. दर काही काळाने वृत्तान्त द्यावा लागतो, खर्चाचा हिशेब आणि मुलींच्या हकिकती एकाच कागदावर येतात, आणि दात्याच्या मनाला जे भिडेल ते ठळक करण्याचा मोह कितीही प्रामाणिक लेखणीला पडतो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि त्यानंतर १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुली-स्त्रियांनी केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली, तेव्हा तर हे टपाल थांबणे म्हणजे चुली थांबणे होते. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथून ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे इंग्रजी वार्तापत्र निघू लागले. वार्तापत्र म्हणजे संस्थेच्या घडामोडी कळवणारे, ओळखीच्या वाचकांकडे धाडले जाणारे छोटे नियतकालिक. या अंकांतल्या मजकुरात प्रार्थना, तक्रार, आनंद आणि धान्याची चिंता एकमेकांत मिसळलेली आढळते, आणि तेच त्याचे वाचनीय रूप आहे. शैलीचा विचार करण्यास ज्याला सवड नसते, त्याच्या हातून कधीकधी अशी शैली घडते.

मात्र या वाचकांपैकी बहुतेकांनी दौंड तालुक्याचा माळ कधीच पाहिलेला नव्हता, आणि ज्यांच्याविषयी लिहिले जात होते त्या मुली ते इंग्रजी वाचू शकत नव्हत्या. कर्जखत आणि वार्तापत्र यांना एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल, कारण एकाने गळ्याला फास लावला आणि दुसऱ्याने पोटाला अन्न दिले; तरीही वर्ण्य माणूस वाचकांच्या यादीत नाही, हा दोष दोन्हींत समान आहे, आणि तो रमाबाईंना जाणवत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत मोठे काम या जाणिवेखेरीज समजत नाही. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले, आणि त्यामागील हेतू असा की आधीच्या भाषांतरांतील संस्कृतप्रचुर मराठी अल्पशिक्षित बाईला पेलत नाही, तर तिला आपण होऊन वाचता येईल असे मराठी असावे. मुक्तिसदनातच छापखाना होता, आणि खिळे जुळवणे, म्हणजे शिशाचे सुटे अक्षर उचलून ओळ बसवणे, छपाई आणि बांधणी ही कामे तिथल्या मुली-स्त्रियाच करीत. थोड्या वर्षांपूर्वी दुष्काळातून आलेली मुलगी जेव्हा एकेक अक्षर हाताने उचलून ओळ तयार करते तेव्हा ती त्या मजकुराची वाचक आहे, मुद्रक आहे, आणि वाक्य अवघड झाले तर पहिली अडखळणारीही तीच आहे. एवढ्या जवळचा वाचक क्वचितच कोणा भाषांतरकाराच्या वाट्याला आला असेल. पंडिता ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांकडून मिळवणाऱ्या बाईने आयुष्याच्या शेवटी आपले पांडित्य पुसून टाकण्यासाठी एवढे कष्ट घ्यावेत, याचे धार्मिक स्पष्टीकरण अर्थातच आहे. पण घाटावर न कळणारे संस्कृत वाचणाऱ्या मुलीची आठवण त्यात काम करीत असावी, असे मानण्यास जागा आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि हा संपूर्ण ग्रंथ त्यानंतर वाचकांच्या हाती आला. तो फारसा रुळला नाही. ज्या लेखनात लेखिकेचा जीव होता त्याला वाचक थोडे मिळाले आणि जे गरजेपोटी लिहिले त्याला जग मिळाले, ही विसंगती साहित्यात नवी नाही, पण केडगावइतकी उघड क्वचितच दिसते.

भीमा ओलांडून शिरूर तालुक्याच्या उत्तर भागात कवठे येमाई येथे आल्यावर लेखनाचा सगळा व्यवहारच बदलतो, कारण येथे वाचक नसतोच, असतो तो प्रेक्षक. ढोलकी फडाचा तमाशा, ज्यात गण, गौळण आणि बतावणी झाल्यावर वग नावाचे नाट्य रात्र उलटून जाईपर्यंत चालते, तो गावोगावच्या जत्रांवर जगतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रेचे पुढारी तेथे येऊन सुपारी, म्हणजे खेळाची आगाऊ बोली, ठरवतात. अशा फडांना दर हंगामात नवी गाणी आणि नवा वग लागतो. ही गरज दीर्घकाळ भागवणारे लोकसाहित्यिक बशीर मोमीन कवठेकर यांचा जन्म १९४७ साली कवठे येमाईत झाला. दत्ता महाडिक, काळू-बाळू, रघुवीर खेडकर अशा नामवंत फडांसाठी त्यांनी गण, गौळणी, लावण्या आणि वग लिहिले, आणि हुंडा, व्यसन, निरक्षरता यांविरुद्धची गाणीही लिहिली. मुसलमान घरातला लेखक गणपतीला वंदन करणारा गण लिहितो याचे बाहेरच्यांना अप्रूप वाटते. फडात त्याचे कोणाला विशेष वाटत नाही, आणि हे वाटणे-न वाटणे तमाशाविषयी बरेच सांगून जाते.

फडासाठी लिहिणाऱ्यास वाचकाची प्रतिक्रिया टपालाने येत नाही. ओळ पकडली तर शिट्ट्या पडतात, दौलतजादा, म्हणजे खूष होऊन रंगमंचावर दिलेली रोख बक्षिशी, सुरू होते, आणि नाही पकडली तर माणसे उठून चहाच्या गाडीकडे जातात. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात ती ओळ बदललेली असू शकते, आणि बदल लेखकानेच केला असेल असेही नाही. सोंगाड्या, म्हणजे फडातला विनोदी नट, स्वतःच्या हजरजबाबीपणाने तिला वेगळे वळण देतो. अशा लेखनाची सवय लवकर लागते, कारण हंगाम कोणासाठी थांबत नाही. त्याची किंमत अशी की नाव मागे पडते. जुने शाहीर शेवटच्या कडव्यात आपली नाममुद्रा गुंफून ठेवत आणि पठ्ठे बापूरावांचे नाव त्या वाटेनेही टिकले. पण फडाच्या नावाने गाजणाऱ्या गाण्यात लोकांच्या लक्षात राहते ती गाणारी, फार तर फडमालक. जत्रेत ते गाणे ऐकलेली आणि महिनाभर गुणगुणणारी माणसे शिरूरपासून थेट खानदेशापर्यंत असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांनी लिहिणाऱ्याचे गाव कोणते हे कधी विचारलेही नसेल. महाराष्ट्र शासनाचा तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मोमीन यांना २०१८ सालचा मिळाला. २०२१ मध्ये ते गेले.

रमाबाईंना नाव मिळाले आणि जवळचा वाचक दुरावला, मोमीन यांना जवळचा श्रोता उदंड मिळाला आणि नाव मागे राहिले, अशी सरळ वाटणी करण्याचा मोह होतो, पण ती पूर्ण खरी नाही. मोमीन यांनी ‘कलावंतांच्या आठवणी’ हे पुस्तक लिहिले, ज्यात फडातल्या माणसांविषयीचा मजकूर त्या माणसांच्याच जगातल्या लेखकाने नोंदवला आहे. येथे वर्ण्य व्यक्ती आणि वाचक पुन्हा एकत्र येण्याची शक्यता निर्माण होते. रमाबाईंकडे ही वाटणी वेगळ्या तऱ्हेने मोडते. इंग्लंडमधील आपल्या धर्ममार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी केलेला खाजगी पत्रव्यवहार, ज्यात धर्मविषयक अधिकाराला दिलेली उत्तरे सगळ्यात धारदार आहेत आणि जो छापण्यासाठी मुळीच लिहिलेला नव्हता, तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला, आणि आज अभ्यासक रमाबाईंचा आवाज शोधतात तो प्रामुख्याने त्याच पत्रांत. त्यांतला वाचक एकच होता, अनेकदा रागावलेला होता, आणि तरीही त्याला उत्तर देणे रमाबाईंनी वर्षानुवर्षे टाळले नाही. तमाशाच्या बाजूला असा संग्रह व्हायचा तर शोध घ्यावा लागेल तो फडमालकांच्या पेट्यांत पडलेल्या बाडांचा, म्हणजे हाताने उतरवलेल्या गाण्यांच्या व वगांच्या वह्यांचा, आणि त्यांत लेखकाची मूळ ओळ कोणती व जत्रेने बदललेली कोणती, हे ठरवणाऱ्या संपादकाला फडातल्या जुन्या माणसांना विचारत हिंडावे लागेल.