वारो वाढलो हा!

सबमिशन संपलं, व्हायवा उरकल्या आणि आमच्या विंगमधले आठजण एस.टी.ने थेट मालवण! तारकर्लीला जायचं, सोलकढी प्यायची आणि पॅरासेलिंग करायचंच, असा एकमुखी ठराव झाला होता. (हॉस्टेलमध्ये असा ठराव एरवी फक्त मेसच्या भाजीविरुद्ध होतो!)

बोटीवर चढण्याआधी एक कागद पुढे आला. आठही भावी इंजिनीअरांनी तो न वाचताच सह्या ठोकल्या. मी मेकॅनिकलचा. ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ची व्याख्या झोपेतही सांगीन. पण ज्या दोराला मी लटकणार होतो तो किती जुना आहे, हे विचारायची हिंमत झाली नाही. पोरं भित्रा म्हणतील ना!

माझा नंबर तिसरा. बोटीने वेग घेतला, विंचवरून दोर सुटत गेला आणि पाय अलगद उचलले गेले. वर इतकी शांतता असेल असं वाटलं नव्हतं. खाली बोट चपलेएवढी दिसत होती. भीती कुठल्या कुठे पळाली!

चौथा उतरला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केलेत ना? त्यातले खारे वारे दुपारीच जोर धरतात. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला. पुढचा नंबर माझ्या रूममेटचा, म्हणजे बारक्याचा. बोटीवरच्या काकांनी एकदा समुद्राकडे, एकदा पॅराशूटकडे पाहिलं आणि म्हणाले, “वारो वाढलो हा. आता मी कोणाक वर सोडूचंय नाय.”

झालं! आम्ही भांडायला उठलो. “काका, एवढ्या लांबून आलोय”, “पाचच मिनिटं”, “दोनशे जास्त घ्या”... सगळ्यात मोठा आवाज माझा, आणि मी तर उडून आलो होतो. काका चिडले नाहीत. त्यांनी चौघांचे पैसे मोजून परत दिले आणि बोट किनाऱ्याकडे वळवली.

परत आल्यावर वहीत हिशेब मांडला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पॅराशूटला लागणारा वारा ताशी २० किलोमीटरवरून ३० झाला, तर दोरावरचा ताण दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. बोटीचा वेग कमी करून ताण उतरवता येतो. पण वाराच जोराचा असेल, तर बोट थांबली तरी पॅराशूट खेचतच राहतं आणि विंचला माणूस खाली आणणं जड जातं. त्यात दोर ऊन आणि खाऱ्या पाण्याने झिजतो, आणि गाठ मारली की तिथे त्याची ताकद आणखी कमी होते.

दोर तुटला तर पॅराशूट मिटून दगडासारखं पडत नाही. वारा माणसाला वाहून नेतो, आणि पाण्यात पडल्यावरही पॅराशूट शिडासारखं ओढत राहतं. म्हणून लाइफ जॅकेट हवं, आणि किनारा, खडक, विजेच्या तारा लांब हव्यात. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागोवा किनाऱ्यावर दोर तुटून एक जोडपं समुद्रात पडलं. अंगात लाइफ जॅकेट होतं, दोघंही वाचले. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २०१४ साली कायदाच केला: सलग वारा ताशी २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर गेला, तर उड्डाण बंद. आपल्याकडे त्या दिवशी हा कायदा त्या काकांच्या डोळ्यांत होता, आणि आम्ही तो दोनशे रुपयांत मोडायला निघालो होतो!

रात्री लाइट गेल्यावर बारक्या हळूच म्हणाला, “बरं झालं रे काकांनी नाही म्हटलं. माझी फाटली होती. पण तुम्ही ओरडत होतात, मग मी गेलोच असतो.”

यावर मला काही बोलता आलं नाही.

तेव्हा मित्रांनो, जरूर जा, उडा. पण आधी विचारा: आज वारा किती आहे? दोर कधी बदललाय? पाण्यात पडलो तर हार्नेस कसा सोडायचा? बोट चालवणाऱ्याशिवाय माझ्यावर लक्ष ठेवायला दुसरा माणूस आहे का? उत्तर देताना समोरचा वैतागला तर खुशाल परत फिरा. आणि शेजारचा गप्प उभा असेल, तर त्याला ढकलण्याआधी एकदा विचारा, “तुला खरंच जायचंय का?”

आम्ही बारक्याला ते विचारलं नव्हतं.

– टी.ई. मेकॅनिकल