विलायतेतला अफजलखान

सातारा-सांगलीचा माणूस पोटासाठी परमुलखात जातो, यात नवे काही नाही. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातले गलाईवाले सोने-चांदी गाळायला देशभर पांगले. जिथे गेले तिथे त्यांनी गणपती बसवला, शिवजयंती सुरू केली. पुढे सांगलीचे वालचंद आणि कऱ्हाडचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज यांतून शिकलेली पोरे अमेरिकेत, इंग्लंडात गेली. त्यांत पाटील होते, कुलकर्णी होते, माळी होते आणि थोडे शिकलगार, मुलाणी, अत्तारही होते. या शेवटच्या मंडळींचे तिकडे काय होते, यावर फारसे कोणी लिहीत नाही. मी लिहितो, कारण माझी लेक त्यांतलीच एक आहे.

२०२३ सालच्या सुरुवातीचे चार महिने मी तिच्याकडे इंग्लंडात होतो. शुक्रवारी जावयाबरोबर मशिदीत जायचो. तिथले बहुतेक नमाजी पाकिस्तानातल्या मीरपूरकडचे, काही गुजराती. माझी दखनी ऐकून एका बुजुर्गांनी विचारले, "आप हैदराबाद के हैं?" मी म्हणालो, मिरजेचा, महाराष्ट्रातला. ते जरा विचारात पडले. "मगर वहाँ तो मराठे रहते हैं ना?" रविवारी लेकीबरोबर मराठी मंडळात जायचो. तिथे एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "काका, तुमचं मराठी किती छान आहे हो! कुठं शिकलात?" बत्तीस वर्षे साताऱ्यात मी मराठीच शिकवत होतो, असे सांगितल्यावर त्या ओशाळल्या. दोघांच्याही बोलण्यात दुष्टावा नव्हता. पण शुक्रवार आणि रविवार यांच्या मध्ये मराठी मुसलमान कुठेतरी गळून पडला होता.

परदेशातल्या मराठी मंडळांना सरसकट झोडपणाऱ्यांपैकी मी नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने सुरू झाले. एके काळी साताऱ्यात वकिली केलेले हे गृहस्थ हिंदु महासभेचे अध्यक्षही होते, हे खरे. पण मंडळ चालले ते महासभेसाठी नव्हे. एकटी पडलेली माणसे आपल्या भाषेत चार शब्द बोलायला जमत होती. मी गेलो त्या मंडळातही तेच पाहिले. पुरणपोळ्या घरी करून आणलेल्या. अभंग सुरू झाला की पन्नाशीतले पुरुष डोळे पुसायचे. गाणाऱ्या बाईंच्या मागचे दोन्ही तंबोरे मिरजेचे होते. ज्यांचे पूर्वज हत्यारे बनवत त्या शिकलगार घराण्यांनी मिरजेत तंतुवाद्ये घडवली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोरा मंडळात आला होता. तंबोरा करणारा मात्र तिथल्या कोणाच्याच मनात नव्हता.

हे कसे घडते? माझ्या मते, शेजार नसल्यामुळे घडते. इथे कृष्णाकाठी हिंदू असणे आणि मराठी असणे या दोन गोष्टी एकच आहेत असे मानायला शेजारी तुम्हाला सुखाने बसू देत नाही. कडेगावच्या मोहरमात गगनचुंबी ताबूत उठतात तेव्हा त्यांतले कितीतरी हिंदू घराण्यांच्या मानाचे असतात. वाळव्याजवळच्या गोटखिंडीत साधारण १९८० पासून मशिदीत गणपती बसतो. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते आणि ऐकणाऱ्यांत कोण कोणत्या जातीचा हे बघायला कोणाला सवड नसते. हे सगळे विमानात बसत नाही. बॅगेत बसते ती आरती, सत्यनारायणाची पोथी, शिवरायांची तसबीर. मग पंधरा-वीस वर्षांत तेवढ्यालाच मराठीपण म्हणायची सवय होते. तिथे जन्मलेल्या मुलांना तर दुसरे काही पाहायलाच मिळत नाही. मराठी म्हणजे हिंदू, हे समीकरण कोणी कट करून बनवलेले नाही, पण बनले आहे.

कट नव्हता म्हणून संघटनाच नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. मोम्बासाला निघालेल्या जहाजावर संघाची शाखा भरली, हे संघाचे लोक स्वतःच अभिमानाने सांगतात. ब्रिटनमध्ये हिंदू स्वयंसेवक संघ १९६६ पासून आहे, अमेरिकेत विश्व हिंदू परिषद १९७० पासून. गुजरातच्या दंगलींनंतर नोव्हेंबर २००२ मध्ये एक अहवाल निघाला. अमेरिकेतल्या भारतीयांनी सेवाकार्य म्हणून दिलेले पैसे भारतातल्या संघपरिवाराच्या संस्थांकडे कसे जातात, याची त्यात मांडणी होती. त्यावर बरेच वाद झाले. एकट्या पडलेल्या माणसाला जो पहिला हात धरतो त्याचा तो होतो. आपल्या माणसांचाही हात तिकडे कोणीतरी धरतोच. जावई सुरुवातीला मशिदीत ज्या गटात बसायचा, तिथे घरात मराठी बोलणे हे ईमान कच्चे असल्याचे लक्षण मानले जायचे. माझ्या लेकीने ते फार दिवस चालू दिले नाही, ही गोष्ट वेगळी.

खरे तर मराठीपणाला हिंदू असण्याची अट नाही, हे परदेशातच सिद्ध झालेले आहे. बेने इस्रायली यहुदी इस्रायलला गेले ते मराठी घेऊन. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवले. कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला पोचले, आखातात तर घरटी एक माणूस. पण मराठी माणूस सातासमुद्रापार गेला, अशी भाषणे होतात तेव्हा यांची नावे घेतलेली मी ऐकली नाहीत.

सावरकरांची गंमत वाटते. लंडनमध्ये असताना त्यांनी सत्तावनच्या उठावावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हिंदू-मुसलमानांनी मिळून दिलेल्या लढ्याचे कौतुक आहे. १९२३ सालच्या 'हिंदुत्व' पुस्तकात मात्र ज्याची पितृभू आणि पुण्यभू हीच भूमी तो हिंदू, अशी व्याख्या आली. ही मोजपट्टी आज लावून बघा. न्यू जर्सीत जन्मलेला, अमेरिकेचा पासपोर्ट असलेला, कृष्णेचे पाणी कधी न पाहिलेला मुलगा या मापात चपखल बसतो. आणि ज्याच्या सात पिढ्या कृष्णेच्या घाटावर कपडे धूत आल्या, जो मेल्यावर याच मातीत गाडला जाणार, तो मिरजेचा अत्तार बसत नाही, कारण त्याची मक्का तिकडे. जो सोडून गेला तो राष्ट्राचा, जो राहिला तो उपरा.

त्या फेब्रुवारीत मंडळाची शिवजयंती होती. कार्यक्रम बसवणारा गडी आमच्या कृष्णाकाठचाच, बोलण्यात अजून हेल. त्याचा फोन आला. "सर, नातवाला पाठवा की. उंचापुरा आहे. खानाचं काम त्याला शोभंल." नातू अकरा वर्षांचा. फोन स्पीकरवर होता. लेकीचा चेहरा मी पाहिला. मी म्हणालो, "पाठवतो. पण काम दुसरं द्या. महाराजांबरोबर जे दहा अंगरक्षक होते त्यांत सिद्दी इब्राहीम होता. तो करंल." पलीकडे क्षणभर शांतता. "असं व्हय? आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं न्हाई, सर." मग मी मास्तरकी केलीच. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता, खंडोजी खोपडे खानाला मिळाला होता, खान मेल्यावर महाराजांनीच त्याला प्रतापगडाच्या पायथ्याशी दफन करवले, ही भांडणे राज्याची होती. तो सगळे नीट ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "बराबर हाय सर, पण नाटक दहाच मिनिटांचं हाय." तरी शब्द पाळला त्याने. नातू हातात पत्र्याची तलवार घेऊन महाराजांच्या मागे उभा राहिला. संवाद नव्हता. टाळ्या मात्र सगळ्यांना पडल्या.

मे महिन्यात मी परत आलो. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त करून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एक तरुण इंजिनिअर मारला गेला. सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले. मिरजेत ते सुरू होते. त्याच आठवड्यात माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत आला. तेच नाटक. दहा मिनिटांचे वीस सेकंद केलेले, फक्त वाघनखांचा क्षण, वर कोणीतरी चढवलेले गाणे आणि खाली ओळ, की बघा, विलायतेतली पोरे जागी झाली, तुम्ही कधी होणार? सिद्दी इब्राहीम चौकटीबाहेर गेला होता; त्याच्या तलवारीचे टोक तेवढे एका कडेला दिसत होते. कापणारा कोण, कळायला मार्ग नाही. नाटक बसवणारा तो नव्हे, याची मला खात्री आहे.

तिकडच्या माणसाला हे खेळ स्वस्त पडतात. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनच्या स्वातंत्र्यदिन मिरवणुकीत बुलडोझर फिरवला गेला. टीका झाल्यावर आयोजकांनी माफी मागितली, सगळे घरी गेले. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी खऱ्या यंत्रांनी अफजलखानाच्या कबरीभोवतीचे बांधकाम पाडले. ते वनखात्याच्या जागेवरचे अतिक्रमण होते, कबर तशीच आहे, हेही सांगितले पाहिजे. पण खानवधाचाच दिवस निवडायचे कारण अतिक्रमणात नव्हते. मिरजेने तर हे आधीच भोगले आहे. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात खानवधाच्या कमानीवरून दंगल पेटली आणि सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पसरली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. आमच्या गल्लीत तेव्हा दूध घालायला यायचे ते मगदूम मामा पोलिसांची काठी खाऊन आले होते. तिकडे बसून व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्याला अशा वेळी दूध कोण आणतो, हे माहीत असण्याचे कारण नाही.

जुलै २०२४ मध्ये वाघनखे साताऱ्यात आली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून, तीन वर्षांच्या उसनवारीने. मी गेलो बघायला. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ ती घेऊन गेला होता. ही महाराजांनी वापरलेलीच, असे ते संग्रहालयही खात्रीने म्हणत नाही. ज्या पेटीत ती ठेवली होती तिच्यावरच्या इंग्रजी मजकुरात खानाला मोगल सेनापती म्हटले आहे. आदिलशाही सरदाराला मोगल करून टाकले! परमुलखात गेलेल्या इतिहासाचे असे होते, मग नेणारा गोरा असो की आपला.

लेक अजून त्या मंडळाची सभासद आहे. व्हिडिओनंतर जावई म्हणाला, वर्गणी बंद कर. ती म्हणाली, "बंद केली तर म्हणतील, बघा, हे आपले नव्हतेच." दोघांचेही चुकते आहे असे मला म्हणता येत नाही. वर्गणी तिने भरली. यंदा मंडळाच्या ग्रंथालयाचे काम तिच्याकडे आले आहे आणि कपाटात मराठी मुसलमान लेखकाचे एकही पुस्तक नाही, असा तिचा फोन आला. मी माझ्याकडची सात काढली, त्यांतली दोन आता बाजारात मिळत नाहीत. पोस्टातल्या पोराने फॉर्मवर विचारले, वस्तूची किंमत किती लिहू? नातवाने सिद्दी इब्राहीमची तलवार जपून ठेवली आहे म्हणे. पार्सल अजून पोचायचे आहे.