साडेआठची नोंद

"मराठी विभागासाठी काहीतरी दे ना," असं रूममेट म्हणाली तेव्हा मला हसूच आलं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. विषय मात्र माझ्या घरचा आहे, पावसाचा.

आमचं घर मालवणचं. खळ्याच्या एका कडेला आजोबांचं पर्जन्यमापक आहे. वर नरसाळं, आत बाटली, शेजारी मापाची काचेची नळी. बस्स. पावसाळ्यात रोज सकाळी ठीक साडेआठला आजोबा छत्री घेऊन बाहेर! साडेआठच का? तर देशभरातल्या वेधशाळा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. सगळ्यांनी एकाच वेळी मोजलं तरच आकडे शेजारी-शेजारी ठेवता येतात. लहानपणी मला हे रिकामपणाचे उद्योग वाटायचे.

16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड मोडले, कौलं उडाली, लाईट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर माडाची झावळ पडून नरसाळं वाकडं झालेलं नि बाटली फुटलेली. मी म्हटलं, "आजोबा, अंदाजे लिहा ना, दोनशे-बिनशे. कोण बघायला येणार आहे?"

"खोटो आकडो लिवण्यापेक्षा जागा मोकळी ऱ्हवांदे गो," एवढंच ते म्हणाले. वहीत लिहिलं, 'माप फुटले. नोंद नाही.'

इथे आल्यावर मी हे सोयीस्करपणे विसरले. आपली लॅबमधली पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. व्हेंचुरीमीटरचा को-इफिशियंट 0.98 च्या आसपास यायला हवा, येतो 0.71. मग काय, उत्तर आधी, रीडिंग नंतर! सीनिअर्सची जर्नल्स मेसच्या डाळीसारखी पुढे सरकतात, दरवर्षी पाणी तेवढं वाढतं.

या सेमिस्टरला सेमिनारसाठी मॅडमनी मला विषय दिला, मुंबईची कुलाबा वेधशाळा. ईस्ट इंडिया कंपनीने ती 1826 साली उभारली आणि 1841 पासून तिथे हवामानाच्या नि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर 1859 मध्ये प्रचंड सौरवादळ आलं. चुंबकीय क्षेत्राचं रीडिंग एकदम कोसळलं. आकडा पटण्यासारखा नव्हताच, पण आला तसा लिहिला गेला. 2003 मध्ये, म्हणजे तब्बल 144 वर्षांनी, शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद काढली ती याच नोंदींवरून!

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेमुळे चुंबकाची रीडिंग्ज बिघडणार, म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला नेलं. हवामानाच्या नोंदी कुलाब्यातच राहिल्या. तेव्हा संचालक होते नानाभाई फ्रामजी मूस, तिथले पहिले भारतीय संचालक. पण कुलाब्याची उपकरणं लगेच बंद झाली नाहीत. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी रीडिंग्ज घेतली, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी.

आणि 26 जुलै 2005? मी तेव्हा जन्मलेही नव्हते. त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला फक्त 73! मुंबई बुडत असताना 73 लिहायला हात धजावला पाहिजे. मी असते तर निदान 373 केले असते. पण दोन्ही आकडे खरे होते. एवढा पाऊस एवढ्याशा पट्ट्यात कोसळू शकतो, हे त्या फरकातूनच तर दिसतं.

सेमिनारला टाळ्या मिळाल्या. पण बोलताना माझ्या डोळ्यांसमोर माझं जर्नल होतं. त्यातला एकही आकडा 144 दिवसांनीसुद्धा कोणाच्या उपयोगाचा नव्हता.

पुढच्या प्रॅक्टिकलला मॅनोमीटरची नळी गळत होती. पाचपैकी तिसऱ्या रीडिंगची जागा मी कोरी ठेवली नि खाली कारण लिहिलं. सरांनी एकदा जर्नलकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. एक मार्क कापला आणि सही केली.

रात्री घरी फोन केला. मी काही सांगण्याआधीच आजोबा म्हणाले, "आज बासष्ट भरलो गो. थयसर किती?"

हॉस्टेलच्या गच्चीवर ठेवायला एक नरसाळं नि बाटली शोधते आहे. कोणाकडे असेल तर कळवा!